वृद्धांना बांधून न ठेवता सांभाळण्याचे प्रशिक्षण : पैसे मोजण्यापूर्वी काय तपासावे?

विचारणा : वृद्धाश्रम व्यवस्थापक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाबाहेर आम्ही लहानसा वृद्धाश्रम चालवतो. सध्या २२ आजी-आजोबा राहतात, त्यांपैकी सहा जणांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यांना सांभाळायला दिवसपाळीत चार व रात्रपाळीत एकच मदतनीस बाई असते. मागच्या महिन्यात घडलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण माझा प्रश्न तिच्यातूनच निघाला आहे.

पहाटे पाचच्या सुमारास फेरी मारायला गेलो तेव्हा आमच्या एका आजींचा उजवा हात त्यांच्याच जुन्या लुगड्याच्या काठाने खाटेच्या लोखंडी दांडीला बांधलेला दिसला. रात्रभर ओढून ओढून गाठ इतकी आवळली गेली होती की ती सोडवता येईना, शेवटी कात्रीने कापावी लागली. मनगटावर काठाची नक्षी जशीच्या तशी उमटली होती, बोटे सुजली होती आणि अंथरूण ओले होते. आजी ओरडत नव्हत्या. मला पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "गाय हंबरून राह्यली रे, वैरण टाकू दे मले."

रात्रपाळीच्या बाईंनी काहीही लपवले नाही. आजी तीन वेळा उठून दाराकडे गेल्या होत्या, एकदा पायरीवर अडखळल्या होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या खोलीतल्या आजोबांना उलट्या सुरू झाल्या होत्या. "त्या पडल्या असत्या तं तुम्ही मलेच इचारलं असतं," हे त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. या बाई निर्दयी नाहीत. याच आजींना त्या रोज दुधात भाकर कुस्करून स्वतःच्या हाताने भरवतात.

विश्वस्तांनी सर्व मदतनिसांना प्रशिक्षण द्यायचे ठरवले आहे. सध्या आमच्यासमोर एकच प्रस्ताव आहे. सुरक्षारक्षक पुरवणारी एक संस्था एका दिवसात "आक्रमक व्यक्तीला नियंत्रणात आणण्याची तंत्रे" शिकवणार आहे, त्यात हात कसा धरावा, खाली कसे झोपवावे, पट्टा कसा बांधावा हे दाखवले जाईल, आणि शेवटी प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळेल. हे आम्हाला हवे आहे का, याबद्दल माझ्या मनात मोठी शंका आहे. अशा प्रशिक्षणाची काही मानके ठरलेली आहेत का, आपला कायदा याबाबत काय सांगतो, आणि आठवी-दहावी शिकलेल्या, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बायकांना नेमके काय शिकवले पाहिजे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त परिचारिका, काटोल

आपण गाठ कापल्यावर आधी बाईंचे म्हणणे ऐकून घेतले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. माझी बरीचशी नोकरी मनोविकार विभागात गेली. सुरुवातीच्या वर्षांत आम्हाला रुग्णाला बांधायला शिकवले गेले, बांधावे लागू नये म्हणून काय करावे हे मात्र कोणीही शिकवले नाही. ती उणीव आपल्या मदतनिसांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्यापासून सुरुवात करते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला एकांतात कोंडून ठेवता येत नाही. शरीर जखडणे केवळ तेव्हाच मान्य आहे, जेव्हा त्या व्यक्तीला किंवा दुसऱ्या कोणाला तत्काळ इजा होण्याचा धोका टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नसतो, आणि तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने परवानगी दिली असेल तरच. कसे बांधले, का बांधले, किती वेळ बांधले याची नोंद लगेच केसपेपरवर झाली पाहिजे, नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने नेमलेल्या माणसाला, २४ तासांच्या आत कळवले पाहिजे, आणि अशा प्रत्येक प्रसंगाचा समावेश दर महिन्याच्या अहवालात करून तो मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवला पाहिजे. याच कलमात एक वाक्य असे आहे की ते मी प्रत्येक नवीन परिचारिकेला पाठ करायला लावत असे : शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बांधता येणार नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणानेही बांधता येणार नाही. साखळीने बांधणे तर कलम ९५ ने कोणत्याही स्वरूपात निषिद्ध केले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली, आणि साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळताही आले नाही. २८ जण गेले. ते कलम वाचताना मला दर वेळी एरवाडी आठवते.

आपला वृद्धाश्रम या कायद्याच्या व्याख्येतील मानसिक आरोग्य आस्थापना आहे की नाही, हे आपण मानसिक आजाराच्या व्यक्तींना कोणत्या स्वरूपात दाखल करून घेता यावर ठरेल, त्यासाठी वकिलांचा सल्ला घ्यावा. परंतु व्याख्येत बसत नाही म्हणून बांधायला मोकळीक मिळते, असा अर्थ कोणी काढू नये. कोणालाही बेकायदेशीरपणे अडवणे किंवा कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ व १२७ नुसार गुन्हा आहे, आणि समोरची व्यक्ती म्हातारी आहे किंवा विसरभोळी आहे म्हणून तो गुन्हा राहत नाही असे नाही.

आता त्या एकदिवसीय प्रस्तावाविषयी. त्यातले "खाली कसे झोपवावे" हे वाचून मला धडकीच भरली. माणसाला पालथे पाडून त्याच्या पाठीवर, मानेवर किंवा छातीवर भार दिला की श्वासासाठी बरगड्यांना हलायला जागा उरत नाही. तो धडपडतो ती हवेसाठी, आणि धरणाऱ्यांना वाटते की तो अजून आक्रमक झाला, म्हणून ते आणखी जोर लावतात. धट्ट्याकट्ट्या तरुणांचेही असे प्राण गेलेले आहेत. मग ऐंशीच्या घरातल्या, हाडे ठिसूळ झालेल्या, आधीच दम लागणाऱ्या माणसाची काय कथा? बांधून ठेवल्याने पडणे टळते ही समजूतही खरी नाही. बांधलेला माणूस सुटण्यासाठी झटतो आणि खाटेसकट पडतो, कठड्यावरून चढून जाताना अधिक उंचावरून पडतो, आणि दोन-चार दिवस जखडून राहिला तर पायातले बळ जाऊन सोडल्यावर पडतो. पाठीला जखमा होतात, लघवी तुंबते, पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात.

आपल्या मदतनिसांना सर्वांत आधी हे शिकवले पाहिजे की माणूस अस्वस्थ होण्यापूर्वी काहीतरी सांगत असतो. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला "माझ्या ओटीपोटात दुखते" असे वाक्य जुळवता येत नाही, तो उठतो आणि चालू लागतो. एकाएकी जास्त बरळायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी तपासावी, शौचाला किती दिवसांत झालेले नाही ते विचारावे, ताप पाहावा, नवीन गोळी सुरू झाली आहे का ते पाहावे, कानाचे यंत्र आणि चष्मा जागेवर आहे का ते पाहावे. रात्री पूर्ण अंधार करू नये, मिणमिणता दिवा असू द्यावा. आणि बोलताना समोरून, डोळ्यांच्या उंचीला येऊन, एका वेळी एकाच माणसाने, एका वेळी एकच गोष्ट बोलावी. "गाय कुठाय इथं, झोपा गुपचूप" असे म्हटले की भांडण सुरू होते. "कोणती गाय, आजी? तांबडी का?" असे विचारले की आजी बसतात. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

एक सावधगिरी मात्र आत्ताच सांगून ठेवते. दोर सोडला म्हणून झोपेच्या गोळ्यांचा मारा सुरू करू नका, तेही बांधणेच आहे. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधे दिल्याने पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्यामुळे ती औषधे तज्ज्ञाने नीट विचार करून, थोड्या काळासाठी आणि लक्ष ठेवूनच द्यायची असतात.

उत्तर : मूळचा अचलपूरचा, सध्या इंग्लंडमध्ये केअर होममध्ये नोकरी

मानकांविषयी विचारले आहे, म्हणून माझ्या कामातून जे ठाऊक झाले ते लिहितो. इंग्लंडमध्ये "रिस्ट्रेंट रिडक्शन नेटवर्क" या, बांधणे-जखडणे कमी व्हावे म्हणून काम करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये प्रशिक्षणाची मानके प्रसिद्ध केली. आरोग्यसेवा, सामाजिक सेवा आणि शिक्षण अशा तिन्ही क्षेत्रांना ती लागू पडतील अशा बेताने लिहिलेली आहेत. ती पाळणाऱ्या प्रशिक्षण संस्थांची तपासणी होऊन त्यांना प्रमाणित केले जाते. म्हणजे प्रमाणपत्र आधी शिकवणाऱ्याला मिळवावे लागते, ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी ध्यानात घ्यावी.

ही मानके काही सुखासुखी आलेली नाहीत. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना कर्मचारी कसे जमिनीवर दाबून धरत आणि छळत होते, ते बीबीसीने गुप्त चित्रीकरण करून दाखवले आणि सारा देश हादरला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, ओलासेनी लुईस नावाचा २३ वर्षांचा पदवीधर तरुण लंडनमधील एका मानसिक रुग्णालयात अनेक पोलिसांनी बराच वेळ दाबून धरल्यानंतर मरण पावला. त्याच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि त्यातून २०१८ चा कायदा झाला, ज्याला लोक "सेनीचा कायदा" म्हणतात. मानसिक रुग्णालयांनी बळाच्या वापराचे लेखी धोरण ठेवावे, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे आणि प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवावी, हे त्या कायद्याने बंधनकारक केले.

मानकांचे कागद जाडजूड आहेत, पण त्यातल्या ज्या तीन-चार गोष्टी माझ्या रोजच्या कामात उतरल्या त्या सांगतो. शिकवायला येणाऱ्याने आधी तुमच्या ठिकाणी कोण राहते, कोणते प्रसंग घडतात, कोणत्या वेळी घडतात याचा अभ्यास करायचा असतो, आणि तुमच्या गरजेपुरतेच शिकवायचे असते. आमच्या केअर होमची अशी पाहणी झाल्यावर प्रशिक्षक म्हणाल्या की तुमच्या इथे कोणाला जमिनीवर धरण्याची गरज पडेल असे काहीच नाही, तेव्हा ते मी शिकवणार नाही. कारण हाताला जे तंत्र शिकवले जाते ते हात वापरून पाहतातच. दुसरे असे की ज्यांना स्वतःला कधीकाळी बांधले किंवा दाबून धरले गेले होते, अशा माणसांचा अनुभव प्रशिक्षणात आला पाहिजे, असा मानकांचा आग्रह आहे. आमच्या वर्गात एक पन्नाशीच्या बाई आल्या होत्या. त्यांनी फक्त वीस मिनिटे सांगितले की पाठीवर गुडघा असताना खोलीतले आवाज कसे ऐकू येतात. त्यानंतर आमच्यातल्या कोणीही "पण त्या ऐकतच नाहीत" हे वाक्य उच्चारले नाही. वेदना देऊन माणसाला वश करण्याच्या पद्धतींना या मानकांचा विरोध आहे. आणि प्रशिक्षण एकदाच घेऊन संपत नाही, ठरावीक मुदतीने उजळणी करावी लागते व मधल्या काळात प्रत्यक्ष कामात काय फरक पडला हे पाहावे लागते.

तुमच्या प्रस्तावाला ही कसोटी लावून पाहा. त्या संस्थेचा कोणी माणूस आधी येऊन रात्रभर तुमच्या आश्रमात बसायला तयार आहे का, एवढे विचारा. नाही म्हणाला तर उत्तर मिळाले.

अमेरिकेत बांधणे आणि कोंडणे कमी करण्यासाठी जे सहा उपाय ठरवले गेले आणि पुढे अनेक देशांनी घेतले, त्यांत कर्मचाऱ्यांची घडण हा सहापैकी एक आहे. उरलेल्या पाचांत वरिष्ठांनी स्वतः जबाबदारी घेणे, नोंदींचा उपयोग करणे, माणूस अस्वस्थ कशाने होतो हे आधीच लिहून ठेवणे, खुद्द त्या लोकांना आणि त्यांच्या घरच्यांना सामील करून घेणे, आणि प्रसंग घडून गेल्यावर दोषारोप न करता त्याची चर्चा करणे या गोष्टी येतात. तुमच्या बाई २२ जणांना एकटीने सांभाळत असतील तर त्यांना कितीही शिकवले तरी तिसऱ्या वेळी उठलेल्या आजी आणि उलटी होणारे आजोबा यांच्यामध्ये त्यांनी काय निवडावे, हे शिकवणे कोणालाच जमणार नाही.

उत्तर : अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय

वरच्या दोघांचे लिहिणे पटते, तरीही वॉर्डातली दुसरी बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. आमच्याकडे फवारणीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, विषबाधेचे रुग्ण येतात. काही जण फवारताना बाधलेले असतात, काही जणांनी औषध प्यायलेले असते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते सर्वांना माहीत आहे. ऑरगॅनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकांच्या विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यावे लागते, आणि ते देता देता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण बरळायला लागतो, सलाईन उपसतो, नाकातली नळी ओढतो, खाटेवरून उतरून "वावरात जातो" म्हणतो. नळी निघाली तर जीव जाऊ शकतो. रात्री चाळीस रुग्णांना मी आणि एक वॉर्डबॉय. अशा वेळी आम्ही हात बांधतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

परंतु याच वॉर्डात मला एका वरिष्ठ डॉक्टरांनी जे दाखवले ते सांगते. एक तिशीतला शेतकरी दोन्ही हात बांधलेल्या स्थितीत बोटे हलवत होता, पऱ्हाटीतून कापूस वेचावा तशी, हवेतच. सर्व जण म्हणत होते की हा फारच पिसाळला आहे. डॉक्टरांनी त्याच्या काखेत हात घातला, काख कोरडीठाक होती. अंग तापलेले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, पोटाला स्टेथोस्कोप लावला तर आतड्यांचा आवाजच नाही, आणि बेंबीखाली फुगलेले मूत्राशय हाताला लागले. ते म्हणाले, "सिस्टर, याला आजाराने वेड लागलेले नाही, आपले ॲट्रोपिन जास्त झाले आहे, आणि लघवी तुंबल्याने तो तळमळतो आहे." ॲट्रोपिन काही काळ थांबवून पुढे कमी मात्रेत सुरू केले, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातली, आणि सकाळपर्यंत तो माणूस स्वतःचे नाव, गाव सांगू लागला. त्याचे हात आम्ही आदल्या दुपारपासून बांधून ठेवले होते. त्याच्या बायकोने विचारले की ढोरासारखे का बांधले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दारू सुटल्याने होणाऱ्या बरळण्याचेही तसेच आहे. पाय मोडला म्हणून दाखल झालेला माणूस दोन-तीन दिवसांनी थरथरायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, आणि आपण त्याला बांधतो. दाखल करतानाच "रोज किती घेता, शेवटची कधी घेतली" हे घरच्यांना बाजूला नेऊन विचारले, डॉक्टरांनी वेळीच औषध व थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) सुरू केले, तर पुष्कळदा ती वेळच येत नाही. आमच्या रुग्णालयात हा प्रश्न दाखल करण्याच्या कागदावर छापून घेण्यासाठी मी तीन वेळा अर्ज दिला, अजून छापलेला नाही, म्हणून मी तो लाल पेनाने स्वतःच लिहिते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ज्या ठिकाणी बांधण्याची वेळ खरोखर येऊ शकते, त्या ठिकाणच्या माणसांना ते कमीत कमी हानीचे कसे असावे हेही शिकवले पाहिजे, नाहीतर लुगड्याचा काठच वापरला जाणार. मऊ कापूस घालून रुंद पट्टी, मनगट आणि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील इतकी सैल, एका ओढीत सुटणारी गाठ, गाठ खाटेच्या हलणाऱ्या कठड्याला कधीच नाही, पालथे कधीच नाही, आणि दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग, गारवा, श्वास पाहून त्याची वेळेसह नोंद. हे न शिकवता "बांधू नका" एवढेच सांगून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही.

उत्तर : निवृत्त परिचारिका, काटोल

ताई, आपले म्हणणे रुग्णालयापुरते मी मान्य करते. नळी निघाल्याने जीव जाणार असेल तर ते तत्काळ इजेचे प्रकरण आहे, आणि तेव्हा कसे बांधावे हे ठाऊक असलेच पाहिजे. माझा आक्षेप क्रमाला आहे. आपल्या त्या डॉक्टरांनी काखेत हात आधी घातला. प्रशिक्षणात जर पट्टीची गाठ पहिल्या तासाला शिकवली आणि काख तपासणे शेवटच्या तासाला, जेव्हा सगळे एसटी पकडण्याच्या घाईत असतात, तर हाताला गाठच लक्षात राहते. आणि वृद्धाश्रमात ना नळी असते ना सलाईन. तिथल्या मदतनिसांना गाठ शिकवण्याचे मला एकही कारण दिसत नाही. त्यांना मी एवढेच शिकवीन की कोणाला बांधलेले आढळले तर सोडवायचे कसे, हात-पाय तपासायचे कसे, आणि कोणाला फोन करायचा.

उत्तर : शेतकरी, आर्वी तालुका

मी जाणकार नाही, परंतु माझ्या वडिलांना मी बांधले आहे, म्हणून लिहितो. आबांना विसरण्याचा आजार झाला आणि ते रात्री उठून विहिरीकडे जायचे. त्या विहिरीला कठडा नव्हता. सोयाबीन सोंगायचे दिवस, दिवसभर राबून आम्हाला डोळे उघडे ठेवणे जमत नव्हते. आठ-दहा रात्री मी त्यांचा पाय धोतराने खाटेला बांधला. ते मला ओळखत नव्हते, पण गाठ बांधताना "पाटील, माझी काय चूक झाली?" असे विचारायचे. तरुणपणी ते दुसऱ्याकडे सालगडी होते. ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

गावच्या आशाताईंनी सांगितले म्हणून मी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन केला, तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. पलीकडच्या बाईंनी मला रागावले नाही. त्यांनी विचारले की ते कोणत्या वेळी उठतात आणि कोणीकडे जातात. तेव्हा मला पहिल्यांदा समजले की ते रोज पहाटे एकाच वेळी उठतात, आणि ती वेळ मोटेला बैल जुंपण्याची आहे. आम्ही विहिरीला कठडा बांधला. दाराच्या कडीला पोळ्याची घुंगरमाळ अडकवली, म्हणजे दार हलले की मला जाग येते. आणि पहाटे मी त्यांना घेऊनच गोठ्यात जातो, ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवतात आणि परत येऊन झोपतात. रोज जमते असे नाही, परंतु बांधण्याची वेळ पुन्हा आली नाही.

प्रशिक्षणात घरच्या लोकांनाही बसवता आले तर पाहावे. आमच्यासारखे पुष्कळ आहेत, लाजेने बोलत नाहीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : वृद्धाश्रम व्यवस्थापक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. वरचे सर्व लिखाण छापून विश्वस्तांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. आर्वीच्या दादांचे उत्तर वाचताना मला मध्ये थांबावे लागले.

त्या संस्थेला मी विचारले की आपला माणूस एक रात्र आमच्याकडे येऊन बसेल का. त्यांनी त्याचे वेगळे दर सांगितले आणि शेवटी तेही जमणार नाही असे कळवले, तेव्हा तो प्रस्ताव आम्ही सोडून दिला. मग मी आणि आमच्या रात्रपाळीच्या बाई आळीपाळीने सात रात्री जागलो आणि एका शंभरपानी वहीत वेळ लिहीत गेलो. आजी सातपैकी सहा रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान उठल्या, आणि प्रत्येक वेळी लघवीची घाई होती. गाय त्यानंतर आठवायची. लघवी तपासली तर संसर्ग निघाला, डॉक्टरांनी औषध दिले आहे. आता त्यांना पावणेदोनला स्वतःहून उठवून नेले जाते, संध्याकाळचा चहा लवकर दिला जातो, आणि खाट आम्ही काढून त्यांची गादी बुटक्या बाजेवर घातली आहे. मागच्या अकरा रात्रींपैकी दोन रात्री त्या दारापर्यंत गेल्या. त्यातल्या एका रात्री बाईंनी विचारले, "कोणती गाय जी, तांबडी?" आजी म्हणाल्या, "तांबडी नाही, कपिली." आणि पुढे अर्धा तास तिच्या वासरांची नावे सांगत बसल्या.

रात्रपाळीत दुसरी मदतनीस ठेवण्यास विश्वस्तांनी सहा महिन्यांपुरती मान्यता दिली आहे. पुढे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न उभाच आहे, त्यासाठी मला त्या वहीचाच आधार घ्यावा लागेल असे दिसते. बाईंना मी स्पष्ट सांगितले की त्या रात्रीचा दोष मी त्यांच्यावर टाकणार नाही, कारण २२ माणसांमागे एक माणूस मीच ठेवला होता. मात्र यापुढे कोणालाही बांधले तर मला त्याच क्षणी, रात्री कितीही वाजता, फोन आलाच पाहिजे.

आता एक विनंती आहे. काटोलच्या बाई, आपण दिवाळीनंतर दोन दिवस आमच्याकडे मुक्कामी येऊन आमच्या आठही मदतनिसांना, आणि जमल्यास तालुक्यातील अशा पाच-सहा घरच्या लोकांना, शिकवू शकाल का? आपण सांगाल त्या क्रमाने शिकवावे, आधी एक रात्र आमच्या आश्रमात बसावे, प्रवासखर्च व मानधन आम्ही देऊ. ग्रामीण रुग्णालयातील ताईंनाही सुटी मिळाली तर कोरडी काख आणि फुगलेले मूत्राशय कसे ओळखावे हे त्यांच्याकडून एकदा पाहून घ्यावे, अशी आमच्या बाईंची स्वतःची इच्छा आहे. दादा, घुंगरमाळ आम्ही मागच्या दाराला लावली आहे. पुढच्या दाराचा आवाज फार दूर जात नाही, तिथे काय लावावे ते सुचल्यास कळवावे.